मोंब्रेलचा पूल आणि टिपणीससर

टिपणीससरांना पत्ता विचारू नये, हे रविवार कारंजावरच्या रिक्षावाल्यांनासुद्धा ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी त्या सकाळीच सटाण्याहून एसटीने नाशकात आले होते. हातात ट्रंक, काखेत वळकटी आणि मागे वडील. कारंजापाशी एक उंच, किडकिडीत, काळी टोपी घातलेले गृहस्थ पाण्याकडे बघत उभे होते. चेहऱ्यावरून शिकलेसवरलेले वाटले, म्हणून मी विचारलं, "मुलींचं वसतिगृह कुठे आलं हो?" ते प्रसन्न हसले. "अगदी सोपं आहे. बाजाराच्या लाकडी खांबांखालून सरळ जायचं. घंटेची विहीर लागली की डावीकडे वळायचं. गावभट्टीतल्या पावाचा वास यायला लागला की समजायचं, आलंच." आम्ही बापलेक दुपारपर्यंत लाकडी खांब शोधत हिंडलो. शेवटी एका भांडीवाल्याने आमची दया येऊन विचारलं, "टोपीवाले मास्तर भेटले का तुम्हाला?"

वडील वैतागून म्हणाले, "हाऊ मास्तर याडा शे का काय?"

त्याचं उत्तर मला पुढच्या आठवड्यात मिळालं. कॉलेजात मी फ्रेंच घेतलं होतं. फ्रेंच घेण्यामागे काही थोर विचार नव्हता. संस्कृतला पाठांतर पडतं आणि फ्रेंचला मार्क पडतात, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्या तासाला दार उघडलं आणि तीच काळी टोपी आत आली. सरांनी मला ओळखलं नाही. त्यांनी पाठ्यपुस्तक उघडलं, पहिल्या पानावरच्या पॅरिसच्या चित्राकडे पाहिलं, नको तो नातेवाईक दारात दिसावा तसा चेहरा केला आणि पुस्तक मिटलं. "पॅरिस काय, कुणीही सांगेल," ते म्हणाले. "आपण मोंब्रेलला जाऊ. आधी नदीपाशी या, मग बोला."

मोंब्रेल हे फ्रान्समधलं एक आडगाव. एक नदी, एक टेकडी, एक चर्च, गुरुवारचा बाजार. सर तिथे कधी गेले नव्हते. ते मुंबईच्या पलीकडेच कधी गेले नव्हते. पण त्या गावातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक विहीर आणि प्रत्येक भांडण त्यांना पाठ होतं. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, याची हकिगत ते दरवर्षी नव्या मुलांना सांगत, आणि आम्ही जुनी मुलं ती ऐकायला मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसत असू.

झालं होतं असं. सर एकदा काही कामाने देवळाली कॅम्पात गेले होते. तिथे त्यांनी शेंगदाणे घेतले. खाता खाता सहज पुडीकडे लक्ष गेलं, तर पुडी फ्रेंच! तिच्यावर लिहिलं होतं की, मोंब्रेलच्या नदीकाठी एका संताचा दगडी पुतळा आहे. पुराचं पाणी त्या संताच्या कमरपट्ट्याला लागलं की गावातले पाववाले पिठाची पोती माडीवर चढवतात. सरांच्या घशात शेंगदाणा अडकला. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात आमचा दोन तोंडांचा दुतोंड्या मारुती उभा आहे आणि सगळं नाशिक पूर मोजतं ते त्याच्याच अंगावर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी वर्दी बाजारात फिरते आणि दुकानं त्या हिशेबाने आवरली जातात. "म्हणजे ही आमचीच माणसं की!" सर म्हणत आणि इथे त्यांचा आवाज हटकून कापरा होई.

ते धावत शेंगदाणेवाल्याकडे गेले. कुणा गोऱ्या साहेबाच्या रद्दीतून आलेली ती पुस्तिका त्याच्या टोपलीत अर्धी उरली होती. 'मोंब्रेल : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे', तिथल्याच एका शाळामास्तराने लिहिलेली. पुढची पानं होती, मागची शेंगदाण्यांबरोबर गेली होती. सरांनी ती दुपार देवळालीच्या रस्त्यांवर फेकलेल्या पुड्या उलगडून बघण्यात घालवली. हाती आलं ते मराठी वर्तमानपत्र आणि एका मुलाची गणिताची वही. "मोंब्रेलचा उत्तरार्ध देवळालीकरांनी खाल्ला," ते खिन्नपणे सांगत. मग टोपी सारखी करून म्हणत, "पण पान फाटलं म्हणजे गाव संपलं, असं नाही."

पुस्तिका फाटली होती तीही नेमकी जीवघेण्या जागी. मोंब्रेलला मोठा पूर येतो. जुना दगडी पूल वाहून जातो. रविवारी गावकरी चर्चच्या अंगणात जमतात. निम्मे म्हणतात, पूल पुन्हा बांधू आणि इथेच राहू. निम्मे म्हणतात, पुरे झाली ही नदी, गाव टेकडीवर नेऊ. वाद हातघाईवर येतो. तेव्हा गावातला सर्वांत म्हातारा गिरणीवाला उठून उभा राहतो आणि म्हणतो, स्वल्पविराम. पुढे शेंगदाणे.

गिरणीवाला काय म्हणाला, हा प्रश्न सर दरवर्षी सहामाहीला घालत. उत्तर दहा ओळींत अपेक्षित असे. मी लिहिलं होतं, "तो म्हणाला, आधी माझी गिरणी कोरडी करा, मग काय ते भांडा." सरांनी पेपरावर लाल शाईने लिहिलं, 'व्याकरण कच्चे, गिरणीवाला पक्का.'

शिकवण्याची त्यांची रीत अशी की, वर्गात चार दिवस झाले की पाचव्या दिवशी आमची वरात घाटावर. तिथे नाशकालाच मोंब्रेल करायचं. रविवार कारंजा म्हणजे तिथलं तीन तोटीचं कारंजं. सराफ बाजार म्हणजे लाकडी खांबांचा मंडप. सुंदरनारायणाचं देऊळ म्हणजे किंचित कललेल्या मनोऱ्याचं चर्च. एकाने फ्रेंचमध्ये रस्ता विचारायचा, दुसऱ्याने सांगायचा. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांपाशी सर थांबत आणि अदबीने आम्हाला सांगत, "मोंब्रेलचा धोबीघाट. गावातली प्रत्येक बातमी आधी इथे येते, मग महापौरांना कळते." एकदा शत्रूच्या भीतीने मोंब्रेलकरांनी चर्चची घंटा विहिरीत लपवली होती. संकट टळल्यावर ती बाहेर काढायला गेले, तर कुणाला उचलेना. तेव्हापासून ती विहिरीतच आहे. सर म्हणत, "आपल्या लोकांनीही काळारामाची मूर्ती नदीत लपवली होती. पण आपण ती वर काढली. तेवढ्या एका बाबतीत मोंब्रेलकर कमी पडले, हे मान्य केलं पाहिजे." हे सांगताना घरच्याच कुणाचं उणं काढल्यासारखे ते ओशाळत.

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले. त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं, सुटी कुठे घालवलीस? तो म्हणाला, मोंब्रेलला. दुसरी मुलगीही मोंब्रेललाच गेली होती. तिसऱ्याने तर तिथल्या गावभट्टीत पाव भाजला होता आणि हात पोळल्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. माझी पाळी आली तरी परीक्षकांनी घाम पुसायला काढलेला रुमाल हातातच होता. संध्याकाळी त्यांनी प्राचार्यांना विचारलं, "तुमचं कॉलेज मुलांना दरवर्षी फ्रान्सला पाठवतं? आम्हाला पुण्यात हे परवडत नाही." प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर शांतपणे म्हणाले, "यात खोटं काय आहे? मुलं वर्षभर तिथेच तर होती."

माझे वडील कांद्याच्या कामाने नाशकाला आले की मला भेटायला येत. एकदा त्यांना सरांच्या घरी नेलं. वडिलांनी जुना हिशेब मनात ठेवून सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तठे कांदा पिकस का?" अहिराणी सरांना येत नव्हती, पण कांदा कळला. त्यांनी तत्परतेने पुस्तिका काढली. "हे पाहा. गुरुवारच्या बाजारात आसपासच्या खेड्यांतून कांदा, लसूण आणि बदकं येतात." वडिलांनी बदकं सोडून दिली. कांद्यावर मान डोलावली आणि म्हणाले, "मंग गाव चांगलं शे." त्या दिवसापासून मास्तर त्यांच्या लेखी वेडे राहिले नाहीत. दर भेटीत ते मला आधी माझा अभ्यास आणि मग मोंब्रेलचा बाजार विचारत.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण मोंब्रेलचा प्रश्न खरा पेटला होता तो त्यांच्या घरात. नलिनीकाकू नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला सडेतोड. सरांचं बिऱ्हाड भांडीबाजाराच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तळमजल्यावर होतं. दोन खोल्या आणि एक खिडकी. त्या खिडकीतून गोदावरीचा हातभर तुकडा दिसे आणि सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या तुकड्यासमोर बसत. अडचण एवढीच की, ऑगस्टात धरणाचं पाणी सोडलं की तो तुकडा खिडकीतून दिसायचा थांबून दारातून आत येई. काकूंचा भाऊ गंगापूर रोडला एका नव्या सोसायटीत राहायचा. उंचावर, कोरडं, हवेशीर. तिथेच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट काकूंनी मनाने केव्हाच घेतला होता. पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता. सर हलायला तयार नव्हते. "नदी सोडून मी बघत काय बसू? भाऊसाहेबांची भिंत?"

त्यामुळे मोंब्रेलचे लोक टेकडीवर गेले की पूल बांधून खालीच राहिले, हा त्या घरात इतिहासाचा प्रश्न नव्हता. सरांच्या मते पूल बांधला होता. काकूंच्या मते, माणसं शहाणी असतील तर वर गेली असतील. सरांचा मुख्य पुरावा म्हणजे पुस्तिकेतलं एकुलतं एक छायाचित्र. त्यात तो दगडी संत आहे, मागे पाणी आहे आणि उजव्या कोपऱ्यात काहीतरी गोलसर पिवळट दिसतं. सर भिंग लावून म्हणत, "कमान आहे. नव्या पुलाची." काकू स्वयंपाकघरातून न बघताच म्हणत, "वरणाचा डाग आहे. जेवताना पुस्तक समोर घेऊ नका म्हणून हजारदा सांगितलं."

मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मोठा पूर आला. सकाळी बाजारात वर्दी फिरली की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं. आम्ही चारपाच मुलं सरांचं सामान हलवायला धावलो. गल्लीत घोट्याएवढं पाणी आलंच होतं. ट्रंका, गाद्या, धान्याचे डबे वर घरमालकांच्या गॅलरीत चढवले. सरांनी स्वतः एकच वस्तू हलवली. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ती टोपीखाली डोक्यावर ठेवली होती, त्यामुळे टोपी दिवसभर चौकोनी दिसत होती. काकूंनी गॅलरीत स्टोव्ह पेटवून चहा टाकला आणि खाली घरात शिरणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मोंब्रेलच्या बायका आत्ता टेकडीवर कोरड्या बसल्या असतील."

"पूल बांधतायत," सर म्हणाले.

"अहो, माझं लोणचं वाहून चाललंय!"

खरंच एक बरणी डुलत डुलत दारातून बाहेर निघाली होती. आम्ही हसलो, आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून गप्प झालो. सरांनीही ते पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "नलू, तुला शब्द देतो. मोंब्रेलकर वर गेले असं ज्या दिवशी कळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गंगापूर रोडला यायला तयार आहे. आणि पूल बांधला असं कळलं, तर तू पुन्हा तो विषय काढायचा नाही." काकूंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "शैले, तू साक्षीदार. उद्या हे टोपी फिरवतील."

कुणीही म्हणेल, एक पत्र टाकलं असतं तर निकाल लागला असता. काकू तेच म्हणत. सर दरवर्षी दिवाळीच्या सुटीत मोंब्रेलच्या महापौरांना पत्र लिहायला बसत आणि दरवर्षी पहिल्या परिच्छेदाशी अडत. "महापौरांना लिहायचं म्हणजे भाषा तशी हवी. एक चूक गेली तर नाशकाची अब्रू जाईल." सबंध जिल्ह्याला फ्रेंच शिकवणारा माणूस फ्रेंचमध्ये चूक होईल म्हणून पत्र लिहीत नव्हता. मला मात्र तेव्हाच वाटायचं की, सरांना उत्तराची भीती वाटते. त्या घरातली नदी त्यांना सोडवत नव्हती आणि काकूंना दिलेला शब्द मोडवला नसता.

मी पास झाले, बी.एड. केलं आणि पिंपळगावकडे एका शाळेत लागले. वर्षं गेली. अधूनमधून पूर येई, सामान वर चढे, खाली उतरे आणि पुलाचा प्रश्न तसाच लोंबकळत राही. मग एका हिवाळ्यात आमच्या शाळासमितीवरचे अण्णासाहेब शाळेत आले. मोठे द्राक्ष बागायतदार, पांढरं धोतर, बुलेट. "बाई, तुम्ही फ्रेंच शिकल्या म्हणं. आमच्याकडं त्या देशाचा पाव्हणा आलाय, बागेवर फवारणीचं मशीन दावायला. इंग्रजी त्याला येत नाय, आपल्याला बी येत नाय. दोन दिस झालं, नुसता हसतोय बिचारा. त्याला जरा बोलता करा."

माझं फ्रेंच मोंब्रेलच्या वेशीबाहेर कधी गेलंच नव्हतं. मी म्हटलं, आमच्या सरांना आणते. निरोप मिळताच सर कडक इस्त्रीचा कोट घालून तयार झाले. काकूही निघाल्या. सर म्हणाले, "तू कशाला? तिथे भाषेचं काम आहे." काकू म्हणाल्या, "तिथे फ्रान्सचा माणूस आहे. माझा खटला आहे."

पाहुणा द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्चीवर बसला होता. उन्हाने लाल झालेला, मिशीवाला, आडदांड शेतकरी. सरांनी टोपी काढली, जन्मात पहिल्यांदा खऱ्या फ्रेंच माणसासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात बोलले. त्याचा मराठीत अर्थ असा होतो : "हे प्रवाशा, क्षणभर थांब, आणि डावीकडे दृष्टी टाक, तुला प्राचीन पाषाणांचं वैभव दिसेल." सरांचं सगळं बोलणं त्या पुस्तिकेतूनच आलेलं, दुसरं येणार कुठून? पाहुण्याने दचकून डावीकडे पाहिलं. तिथे अण्णासाहेबांची म्हैस रवंथ करत होती. पाहुण्याने म्हशीकडे आणि मग सरांकडे पाहिलं, आणि तो इतका खदखदून हसला की खुर्चीचा पाय मातीत रुतला. पण दोन दिवसांनी स्वतःची भाषा कानावर पडली होती. त्याने उठून सरांना मिठी मारली.

जेवणं सुरू झाली. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, फोडलेला कांदा, हिरवी मिरची. सर घास घेत नव्हते. शेवटी त्यांनी विचारलं. "मोंब्रेल" एवढा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. पाहुण्याचा हात भाकरीवर थबकला. मोंब्रेल? त्याच्या आजीचं माहेर त्याच अंगाला होतं! तो भडाभडा बोलायला लागला. ते बोलणं पुस्तिकेतलं नव्हतं, त्यामुळे सरांना अर्धं कळेना आणि मला काहीच कळेना. ते पाहुण्याच्या लक्षात आलं. मग त्याने ताट पुढे ओढलं.

भाकरीचा मोठा तुकडा एका बाजूला उभा केला. ही टेकडी. तिच्या पायथ्याशी कांद्याच्या पाकळ्या मांडल्या. हे गाव. ताटाच्या मधून बोटाने रेघ ओढली. नदी. आणि मग त्याने हिरवी मिरची उचलून त्या रेघेवर आडवी ठेवली.

"पूल!" सर उभेच राहिले. "नलू, पूल बांधला! बघ, पूल बांधला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठा दगडी पूल, पाहुणा म्हणत होता आणि सर कळेल तसं आम्हाला सांगत होते, पुरानंतर बांधलेला. आजी लहानपणी त्याच्यावरून शाळेत जायची. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्याने भाकरी मोडली आणि एकदाच म्हणाल्या, "बरं."

पण पाहुण्याचं संपलं नव्हतं. त्याने वाटी उचलली आणि रस्सा हळूहळू ताटात ओतायला सुरुवात केली. मिरची बुडाली. कांद्याच्या पाकळ्या बुडाल्या. तो जो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, तो सरांना कळला आणि ते मटकन खाली बसले. धरण. आजीच्या म्हातारपणी सरकारने नदीवर धरण बांधलं होतं आणि मोंब्रेल त्यात गेलं होतं. आम्ही सगळे सुन्न होऊन ताटाकडे बघत होतो. तेवढ्यात अण्णासाहेब गड्यावर ओरडले, "आरं बघतो काय? पाव्हण्याला रस्सा आवडलाय, वाढ की!" गड्याने भरलेला डाव ताटात रिकामा केला आणि उरलंसुरलं मोंब्रेलही बुडालं.

पाहुण्याने हसू आवरत कांद्याच्या पाकळ्या एकेक करून रश्श्यातून बाहेर काढल्या आणि भाकरीच्या माथ्यावर नीट मांडल्या. मग हात झटकून सगळ्यांकडे पाहिलं.

"वर गेले!" काकू म्हणाल्या. फ्रेंचचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण ताटातलं सगळं कळत होतं. "शैले, बघितलंस ना? गेले वर!"

म्हणजे दोघंही जिंकले होते. सरांचा पूल बांधला गेला होता आणि काकूंचं गाव टेकडीवर गेलं होतं. साक्षीदार म्हणून दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात तोंड घातलं.

सरांनी शेवटचा एकच प्रश्न विचारला. संताचं काय झालं? पाहुणा म्हणाला, त्याला लोकांनी खांद्यावरून वर नेलं. नव्या गावाच्या चौकात उभा आहे. तिथवर पाणी कधीच पोचत नाही. सरांनी ताटातल्या भाकरीच्या माथ्याकडे पाहिलं. मग मराठीत, स्वतःशीच म्हणाले, "मग आता तो मोजतो काय?"

परतताना पंचवटीपाशी त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली. लांबच्या आप्ताच्या मरणाची बातमी कळली की स्नान करावं, अशी आपली रीत. सर कोट, टोपी काकूंकडे देऊन रामकुंडात उतरले. काठावरचे एक उपाध्याय पुढे आले. "कोण गेलं, यजमान?"

"गाव," सर म्हणाले.

रामकुंडावर आयुष्य काढलेला माणूस तो. तो बिचकला नाही. "नाव?"

"मोंब्रेल."

"गोत्र?"

सरांनी असहायपणे माझ्याकडे पाहिलं. ही माहिती पुस्तिकेत नव्हती. उपाध्याय समजुतीने म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप घालू. चालतं." आणि त्यांनी सरांच्या ओंजळीत तीळ आणि पाणी दिलं. 'काश्यपगोत्रं मोंब्रेलशर्माणं तर्पयामि.' एक अख्खं रोमन कॅथलिक गाव त्या संध्याकाळी गोदावरीकाठी मुंजीवाचून शर्मा झालं. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. सर ओलेत्याने वर आले तेव्हा मात्र त्यांनी तोच पदर पुढे करून सरांचं डोकं पुसलं आणि म्हणाल्या, "नाही गेलो गंगापूर रोडला तरी चालेल हो."

सर म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. मोंब्रेलकर गेले ना?"

ते गेले. दुसऱ्या दिवशी नव्हे, पण त्याच उन्हाळ्यात. फ्लॅट कोरडा होता, हवेशीर होता आणि खिडकीतून खरोखरच मेहुण्यांची भिंत दिसत होती. सरांनी तक्रार केली नाही. वर्गात मोंब्रेल चालूच राहिलं. एका मुलाने विचारलं, गाव बुडालं, मग निबंध कशावर लिहायचा? सर म्हणाले, "पान फाटलं तेव्हा आपण थांबलो का? मग पाणी आलं म्हणून कशाला थांबायचं?" फक्त ऑगस्ट आला की ते अस्वस्थ व्हायचे. छत्री घेऊन रिक्षाने खाली होळकर पुलावर जायचे, गर्दीत उभे राहून मारुतीकडे बघायचे आणि भिजून परत आले की दारातूनच वर्दी द्यायचे, "नलू, गुडघ्याला." काकूंचं उत्तर ठरलेलं असे. "मला काय त्याचं? मी दुसऱ्या मजल्यावर आहे. चपला बाहेर काढा."

सर गेले ते उन्हाळ्यात, नदीला टिपूस नसताना. झोपेत गेले. दहाव्याला रामकुंडावर तेच उपाध्याय होते. नाव ऐकून थांबले आणि म्हणाले, "ते गावाचं तर्पण करणारे?" मी हो म्हटलं. इतके दिवस आवरून धरलं होतं, ते तिथे मला आवरलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात मोठं पाणी आलं. तोवर माझी बदली नाशकात झाली होती. काकू एकट्या आहेत म्हणून शाळा सुटल्यावर मी भिजत गंगापूर रोडला गेले. बेल वाजवली. दार उघडून काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत ये म्हणाल्या नाहीत, चपला काढ म्हणाल्या नाहीत.

"पुलावरून आलीस ना? कुठवर आलंय?"

"कमरेला लागलंय, काकू."

त्यांनी एकदा मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग खुंटीवरची सरांची छत्री काढली.

"कमरेला म्हणजे पीठ वर चढवायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "चल, पाववाल्यांनी चढवलं की नाही, बघून येऊ." आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.